दोन पत्रं आणि मामीचं ‘म्हनं’

पानमळ्यात पाऊल टाकलं की आधी गारवा अंगाला बिलगतो आणि मग वास येतो. ओल्या मातीचा, शेवरीच्या कोवळ्या पाल्याचा, आणि त्या दोहोंवर तरंगणारा नागवेलीच्या पानाचा तिखट, हिरवा, जिभेच्या टोकाला चुणचुणणारा वास! बाहेर निमगाव केतकीच्या रस्त्यावर चैत्राचं ऊन डांबर मऊ करीत असतं, बारामतीहून इंदापूरला जाणारी एसटी धुरळा उडवीत निघून जाते, आणि इथे आत, शेवरी-पांगाऱ्याच्या दाटीत, गाळून घेतल्यासारखा मंद प्रकाश पानापानांवरून खाली ठिबकत असतो. अशाच एका दुपारी, मामीच्या मळ्यात बसून मोबाईलवर तिचं बोलणं ध्वनिमुद्रित करीत असताना, त्याच मोबाईलवर एक ई-मेल आला. त्याच आठवड्यात आधी एक येऊन गेला होता. दोन विद्यापीठांची दोन पत्रं, दोन्हींत पीएचडीसाठी प्रवेश, आणि मी एकच! आनंदाचा कल्लोळ काय असतो हे मला त्या दिवशी कळलं. आणि आनंदालाही काटा असतो हे त्यानंतरच्या तीन आठवड्यांत.

मी जळोचीची. माझे वडील, म्हणजे अण्णा, एसटीत कंडक्टर होते. बारामती-इंदापूर हा रस्ता त्यांनी आयुष्यभर इतक्या वेळा कापला की रस्त्यावरच्या बाभळीसुद्धा त्यांना ओळखत असाव्यात. मामा-मामींचा पानमळा निमगावात. मामा जाऊन तेव्हा पाच वर्षं झाली होती आणि मळा मामी एकटी सांभाळत होती. वेल बांधणं, पानं खुडणं, कळीची पानं वेगळी आणि जून पानं वेगळी लावून बाजारात धाडणं, सगळं तिच्याच हातचं. आणि हे सारं करताना तिचं तोंड अखंड चालू! त्या बोलण्यासाठीच मी दर रविवारी अण्णांच्या जुन्या रस्त्यानं एसटी धरून तिच्याकडे जात होते.

पण त्या बोलण्यापर्यंत पोचायला मला केवढा वळसा पडला होता! पुण्याला शिकायला गेले त्या पहिल्या आठवड्यात मेसमध्ये वाढणाऱ्या बाईंना मी म्हणाले, “भात न्हाय पायजे,” आणि अख्खं टेबल खळखळून हसलं. ते हसणं दुष्ट नव्हतं. पण सतरा वर्षांच्या मुलीला दुष्ट आणि निर्मळ हसण्यातला फरक कुठून कळावा? त्या दिवसापासून मी माझी जीभ घासून-पुसून लख्ख करायला घेतली. ‘हाय’चं ‘आहे’ झालं, ‘हितं’चं ‘इथे’ झालं, आणि पाच वर्षांत मी अशी शुद्ध बोलू लागले की सुट्टीत घरी गेल्यावर आईच म्हणायची, “पावणीच आल्यासारखी वाटती गं!” तिच्या कौतुकात एक ओरखडा होता. मला तो तेव्हा दिसला नाही.

मग एम.ए.च्या दुसऱ्या वर्षी, भाषाविज्ञानाच्या एका तासाला, सरांनी सांगितलं की जगात अशा कितीतरी भाषा आहेत ज्यांत बोलणाऱ्याला आपण सांगतोय ती गोष्ट स्वतः पाहिली की ऐकली हे वाक्यातच दाखवावं लागतं. सर दूरदूरच्या डोंगरांतल्या, नदीकाठच्या भाषांची उदाहरणं देत होते, वर्ग वह्यांत उतरवून घेत होता, आणि माझ्या कानात एकाएकी मामीचा आवाज घुमला, “इंदापुरात पाऊस पडला म्हनं!” म्हनं! आपण ज्याला पुस्तकात ‘म्हणे’ लिहितो तो एवढासा शब्द. मामी तो विड्यातल्या लवंगेसारखा वाक्याच्या शेवटी टोचून ठेवायची, आणि ऐकणाऱ्याला कळायचं की ही वार्ता आहे, हिची जबाबदारी मामीवर नाही. कुणी आपला शहाणपणा मिरवला तर तोच शब्द उपहासाला यायचा, “लई शाना म्हनं!” ज्या बोलीला मी लाजून माळ्यावर टाकलं होतं तिच्या खिशात हे रत्न होतं. त्या तासाला मला हसू आवरेना. शेजारची मुलगी विचारू लागली, काय झालं? काय सांगणार होते मी तिला?

पुढची तीन वर्षं बारामतीच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात तासिका तत्त्वावर मराठी शिकवली आणि रविवार मामीला वाहिले. त्या रविवारांतून पीएचडीचा प्रस्ताव उभा राहिला. तो घेऊन मी जिथे जिथे दार दिसलं तिथे तिथे टकटक केली, आणि दोन दारं उघडली.

पहिलं दार युरोपातल्या एका विद्यापीठाचं. चार वर्षांचं संपूर्ण विद्यावेतन, राहण्याची सोय, वर्षातून एकदा घरी येण्याचं विमानभाडंसुद्धा! विषय मात्र त्यांच्या प्रकल्पाचा होता. दवाखान्यातल्या डॉक्टर-रुग्ण संभाषणांच्या हजारो फायली यंत्राला शिकवायच्या, तीही इंग्रजीतून. माझा प्रस्ताव त्यांना आवडला होता, पण तो त्यांना माझ्या बुद्धीचा नमुना म्हणून आवडला होता.

दुसरं दार दक्षिणेतल्या एका विद्यापीठाचं. तिथल्या प्राध्यापिका आयुष्यभर खेड्यापाड्यांच्या बोलींचा अभ्यास करीत आलेल्या. तिथे सगळे त्यांना मॅम म्हणतात, पण माझ्या मनात त्या पहिल्या दिवसापासून बाईच आहेत. सीमाभागात वाढल्यामुळे त्यांना मराठी येते, कानडी हेलाची आणि जरा पुस्तकी. त्यांनी माझा प्रस्ताव समासात प्रश्न लिहून परत पाठवला होता. ‘हा शब्द प्रश्नात येतो का?’ ‘बोलणारीच्या स्वतःच्या बालपणाबद्दल येतो का?’ ‘तुझी मामी रागावली असताना कुठे येतो?’ कुणीतरी माझ्या मामीच्या रागाची चौकशी करीत होतं! पण विद्यावेतन एका वर्षापुरतंच निश्चित होतं, तेही जेमतेम. पुढचं राष्ट्रीय परीक्षेच्या शिष्यवृत्तीवर, म्हणजे मिळाली तर मिळाली.

घरात पहिल्या पत्राची साखर वाटून झाली होती. अण्णांनी जळोचीत कुणाला सांगायचं बाकी ठेवलं नव्हतं. दुसऱ्या पत्राबद्दल मी बोलले तेव्हा ते पायरीवर बसून चहा पीत होते. बशी खाली ठेवून त्यांनी माझ्याकडं पाहिलं.

“चार वर्सं कुनापुढं हात पसरायचा न्हाय, असं लिवलंय त्यात. व्हय ना?”

“व्हय, अण्णा.”

“आन् ह्या दुसऱ्यात?”

“एक वर्ष.”

“मंग इचार कसला करतीस?”

मी म्हणाले, तिथे माझा विषय नाही. अण्णांनी बशी उचलून उरलेला चहा संपवला. मग म्हणाले, “पोरी, मी का हौसेनं तिकिटं फाडली? इषय बघून नोकरी घेतली असती तर तू पुन्याला कशी गेली असतीस?” त्यांच्या आवाजात राग नव्हता. तो असता तर मला भांडता तरी आलं असतं. आतून आई एवढंच म्हणाली, “कुठंबी जा, पर रोज जेवलीस का त्ये कळवत जा.” तिच्या दृष्टीनं दोन्ही विद्यापीठं सारखीच लांब होती.

आणि मला तरी पैशाचा मोह नव्हता, असं कसं म्हणू? होता! चार वर्षं निश्चिंत वाचायला मिळणं, हव्या त्या पुस्तकावर हात ठेवता येणं, आईला महिन्याला काहीतरी पाठवता येणं, परदेशातल्या कुठल्याशा नदीच्या पुलावर उभं राहून हिमाचा पहिला कण तळहातावर झेलणं. मी हे सगळं डोळे मिटून कितीदा पाहिलं! विद्येच्या क्षेत्रात द्रव्याची भाषा करणं हलकं मानतात, पण ते मानणारे बहुधा भरल्या ताटावर बसलेले असतात. रिक्त हस्तानं सरस्वतीची आराधना करावी हे सुभाषितात शोभतं; एसटीच्या पासाची मुदत संपली की सुभाषित उतरवून ठेवावं लागतं.

रविवारी मामीला सगळं सांगितलं. ती वेल बांधत होती. ऐकता ऐकता म्हणाली, “खतपानी काय, कुठंबी घालता येतं रेवे. पर जमीन मानवली पायजे. माळावर नेऊन लाव हा येल, रोज घागर वत, जगंल. पर पान असं व्हनार न्हाय.” मी हरखून म्हणाले, म्हणजे दुसरंच बरं ना? तर ती लगेच उलटली, “तसं कुठं म्हनलं मी? मानवल्याली जमीन असली म्हनून पान्याबिगर जगतो व्हय येल?”

मानवणं! अंगाला पाणी मानवतं, हवा मानवते, एखादं घर मानवतं, एखाद्याला गुरू मानवतो. योग्य-अयोग्य, श्रेष्ठ-कनिष्ठ या सगळ्या तराजूंच्या पलीकडे हा शब्द उभा आहे. जे मला मानवलं नाही ते वाईट असतं असं नाही. आणि जे उत्तम आहे ते मला मानवेलच असंही नाही. पण एखादी गोष्ट मानवते की नाही हे तिथे जाऊन राहिल्याखेरीज कळावं कसं?

त्यातच मला माझीच लाज वाटली. ऐकीव आणि पाहिलेलं यांतला भेद अभ्यासायला निघालेली मी, निर्णय मात्र सगळा ऐकीव गोष्टींवर घेत होते! तिकडं पैसा वेळेवर मिळतो म्हणे, इकडं बाई फार चांगल्या म्हणे. मग मी माणसांना गाठायचं ठरवलं. दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांचे पत्ते शोधले, ई-मेल पाठवले, फोन केले, आणि आश्चर्य असं की सगळे भरभरून बोलले. युरोपातला एक मुलगा म्हणाला, इथे सगळं ठरल्या दिवशी मिळतं, प्राध्यापक सज्जन आहेत. फक्त वर्षभरात मी एकाही बोलणाऱ्या माणसासमोर बसलेलो नाही, फायली ऐकतो. दक्षिणेतली एक मुलगी म्हणाली, बाई वाक्य न् वाक्य वाचतात, पण गावोगाव फिरण्याचे पैसे हातात यायला महिने लागतात, आमच्यातल्या दोघी बाहेर शिकवण्या घेतात, “आणि एक विचारून घे, त्या तीन वर्षांनी निवृत्त होणार आहेत.” हे कुठल्याच पत्रात नव्हतं! मी फोन ठेवला. ज्यांच्यासाठी सगळं सोडायला निघाले, त्याच अर्ध्या वाटेवर उतरणार?

मी युरोपातल्या प्राध्यापकांना सरळ विचारलं, माझा विषय तिथे करता येईल का? व्हिडिओ कॉलवर त्यांनी शांतपणे सांगितलं की पैसा त्या प्रकल्पाला बांधलेला आहे, तुमचा विषय तुम्ही रविवारी करू शकाल. मग म्हणाले, “तुम्ही हे काम चांगलं कराल. पण मला वाटतं, तुमचं लक्ष खिडकीबाहेर असेल.” इतक्या स्वच्छ नकाराबद्दल मी आजही त्यांची ऋणी आहे. नंतर बाईंना लिहिलं. निवृत्ती, दुसऱ्या वर्षाचे पैसे, सगळं विचारलं. भीत भीतच, न जाणो, त्यांना उद्धटपणा वाटला तर? त्यांचं उत्तर एका ओळीचं आलं: ‘रविवारी मामीच्या मळ्यात असशील तेव्हा कॉल कर. आधी तिच्याशी बोलेन.’

त्या रविवारी मामी विहिरीजवळ सावलीत बसून पानं लावत होती. एकावर एक, देठाला देठ, बोटं इतकी सराईत की नजर पानांवर ठेवावीच लागत नव्हती. मी मोबाईल टोपलीला टेकवून ठेवला. बाईंनी नमस्कार केला, मामीनं हातातल्या पानासकट नमस्कार केला. पाच मिनिटांत दोघींचं असं जमलं की मी तिथे असले-नसले सारखंच! कानडी मुलखात पानाला काय म्हणतात, वेल वर्षातून एकदा खाली उतरवून मातीत का पुरतात, हे सगळं झालं, आणि मग बाईंनी सहज विचारलं,

“मामी, ‘म्हनं’ कधी म्हणत नाही तुम्ही?”

“जे बगितलं त्याला न्हाय म्हनत. आता ही पानं मी खुडली. ‘खुडली म्हनं’ म्हनलं तर लोकं येडी म्हनतील की मला!”

“मग डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीला कधीच नाही?”

मामीची बोटं थांबली. तीन वर्षांत ती बोलताना थांबलेली मी पाहिली नव्हती.

“एका गोष्टीला म्हनते,” ती म्हणाली. “हिचं मामा. सकाळी पानी द्याया आलं हुतं. मी भाकरी घिऊन आले तर त्या तिथं बांधावर बसल्यालं. हाका मारल्या, हालीवलं, तवर माझ्या म्होरंच मान टाकली. लोकं इचारत्यात, कसं झालं? मी सांगते, बांधावर बसलं आन् गेलं म्हनं.”

“पण तुम्ही तर तिथे होतात,” बाई अगदी हळू म्हणाल्या.

“व्हय, हुते की. पर मी बगितलं असं म्हनलं, तर मंग त्ये खरंच झालं.”

बाईंनी चष्मा काढला. “माफ करा मामी,” त्या म्हणाल्या, “मी विचारायला नको होतं.”

“माफी कसली? आजपातूर कुनी इचारलंच नव्हतं.” आणि मामीनं पुढचं पान उचललं.

वाचका, त्या क्षणी माझं काय झालं ते सांगणं अवघड आहे. मान शरमेनं खाली गेली. तीन वर्षं मी या बाईसमोर बसले होते, तिचे शब्द मोजले होते, त्यांचे तक्ते केले होते, आणि तिच्या दुःखाच्या दाराशी जाऊन एकदाही थांबले नव्हते! आणि त्याच वेळी अंगातून आनंदाची शिरशिरी उठत होती. तिच्याबद्दल अपराधी वाटत असूनही ती थांबेना. ऐकीव वार्तेसाठी घडलेला एक शब्द माणूस स्वतःच्या असह्य अनुभवापुढं आडपडद्यासारखा धरतो; भाषा तेवढी दया करते! हे कुठं लिहिलेलं मी वाचलं नव्हतं. घरी आल्यावर जुनी ध्वनिमुद्रणं पुन्हा ऐकली. त्यात एक म्हातारी आपल्या लेकीच्या पाठवणीबद्दल सांगत होती, “रडली म्हनं पोर गाडीत बसताना.” ती स्वतः गाडीपाशी उभी होती! एक माणूस आपलं घर पडलेलं सांगत होता, तोही ‘म्हनं’ लावून. ते सगळं माझ्याजवळ होतं, आणि प्रश्न विचारणारं कुणी नव्हतं. मी खोलीभर फिरत राहिले, हसत राहिले, आईनं दोनदा येऊन ताप आहे का पाहिलं.

दुसऱ्या दिवशी बाईंचा फोन आला. त्यात त्यांनी मला या म्हणून गळ घातली नाही. उलट म्हणाल्या, “मी तुला ये म्हणणार नाही. पोट रिकामं असलं की कान बधिर होतात, हे मी भोगलंय. मी निवृत्त होणार, हे खरं. यायचं ठरवलंस तर पहिल्याच दिवशी दुसऱ्या मार्गदर्शकांचं नाव लेखी घे, माझ्या शब्दावर राहू नकोस. परीक्षेचा अभ्यास आधी कर, ‘म्हनं’ नंतर. आणि दोन वर्षांत शिष्यवृत्ती मिळाली नाही तर काय करशील, ते आजच लिहून काढ.” ज्या गुरूला आपल्या शिष्येनं आपल्यावर आंधळा विश्वास ठेवू नये असं वाटतं, त्याच्यावर विश्वास ठेवायला किती सोपं असतं!

मी खरंच लिहून काढलं. एका पानावर, स्वच्छ अक्षरात: परीक्षा दोनदा देईन, नाही मिळाली तर परत येऊन शिकवीन आणि काम हळूहळू पुरं करीन. ते पान घेऊन अण्णांपुढं गेले, आणि मामी काय बोलली तेही सांगितलं. मामांचं ऐकताना त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मामा त्यांचे नुसते मेहुणे नव्हते, निमगावच्या थांब्यावर त्यांना रोज पाणी आणून देणारे मित्र होते. बराच वेळ त्यांनी ते पान वाचलं. मग म्हणाले,

“बसाया जागा मिळाली म्हनून कुनी भलत्या गाडीत बसत न्हाय. पर योग्य गाडीत बी डिझेल हाय का त्ये बगावं लागतं. तू बगितलंस. आता कमी हाय त्ये तुला ठावं हाय.”

“म्हणजे जाऊ?”

“जा. पर त्या गोऱ्या सायबाला नीट लिही. देनाऱ्याचा हात झिडकारायचा नसतो, हळूच बाजूला करायचा असतो.”

नकाराचं ते पत्र लिहायला मला एक अख्खी सकाळ लागली. मग पाठवण्याच्या खुणेवर बोट ठेवलं. चार वर्षांची निश्चिंती, तो पूल, ते हिम, सगळं एका स्पर्शात मावळलं आणि मी चक्क ओरडले! दुःखानं की हर्षानं हे आईला कळलं नाही; मलाही नाही. तासाभरात उत्तर आलं. त्यांनी शुभेच्छा दिल्या होत्या. पुढं कळलं की त्या जागी गेलेला तरुण तिथे अत्यंत सुखात आहे; यंत्राला बोलणं शिकवण्यात त्याला माझ्या ‘म्हनं’इतकीच गोडी वाटते. मला हे कळून फार बरं वाटलं. जागा वाईट नव्हती, ती दुसऱ्या कुणाची होती, एवढंच.

मी मात्र सुखातच राहिले असं म्हटलं तर ते खोटं होईल. पहिल्या वर्षी परीक्षेत थोडक्यात हुकले. दुसऱ्या वर्षाचे पैसे लांबले तेव्हा महाराष्ट्रात बदली होऊ घातलेल्या तिथल्या बँक अधिकाऱ्यांना संध्याकाळी मराठी शिकवलं. त्यातल्या उत्तरेकडच्या एकानं ‘ळ’ म्हणता येईपर्यंत सात धडे घेतले आणि आठव्याला पेढे आणले. वसतिगृहातला भात इतका सलग खाल्ला की भाकरी स्वप्नात यायची. दोनदा मी अर्ज लिहून परत निघायला बसले होते. पण सकाळी बाईंच्या खोलीत गेलं, एखादं वाक्य त्यांच्यापुढं ठेवलं आणि त्या पुढं झुकून “पुन्हा ऐकव” म्हणाल्या की मनातली ती सगळी वजाबाकी विसरून जायला होई. दुसऱ्या खेपेला शिष्यवृत्ती मिळाली. दुसरे मार्गदर्शकही लेखी मिळाले, पहिल्याच दिवशी मागितले होते म्हणून.

आणि गेल्या महिन्यात माझं पहिलं सादरीकरण झालं. अण्णा दौंडहून गाडी धरून एकटे आले. शेवटच्या रांगेत, पांढऱ्या सदऱ्यात, हात मांडीवर ठेवून तासभर ताठ बसले. मी इंग्रजीत बोलत होते. मध्ये मध्ये मामीचा आवाज वाजवत होते, तिच्या परवानगीनं, तिला जे ऐकवायला चालेल तेवढाच. तो आवाज आला की अण्णा किंचित हसत. शेवटी अध्यक्षांनी कुणाचे प्रश्न आहेत का विचारलं. विद्वानांनी विचारले, मी उत्तरं दिली. आणि मग शेवटच्या रांगेतून एक हात वर झाला. गाडी थांबवायला आयुष्यभर वर होत आलेला हात तो; त्याच निश्चयानं वर झाला.

अण्णा उभे राहिले. “मला इंग्रजी येत न्हाय,” ते म्हणाले. “पर एक इचारायचंय. ही पोर आमच्या मानसांचं बोलनं हितं घिऊन आली. तुमी सगळ्यांनी ऐकलं, बरं वाटलं. पर आमच्याकडं परत काय जानार हाय त्यातलं?”

सभागृहात कुणाला काही कळलं नाही. बाई उठल्या, त्यांनी तो प्रश्न आधी इंग्रजीत सांगितला, मग फळ्यापाशी जाऊन देवनागरीत जसाच्या तसा लिहिला. ‘हाय’ला ‘हाय’च ठेवलं. खडू खाली ठेवून माझ्याकडं वळल्या आणि म्हणाल्या, “हेच तुझ्या प्रबंधाचं शेवटचं प्रकरण.”

मी अण्णांकडं पाहिलं. ते अजून उभेच होते, उत्तराची वाट पाहत, अगदी अदबीनं. मी मराठीत म्हणाले, “मला अजून ठावं न्हाय, अण्णा.” त्यांनी मान हलवली, “बरं,” म्हणाले, आणि खाली बसले.